मनीमाऊचा बँड आणि केशवकुमार

डेन्मार्कमध्ये कार्ल वाइसमन नावाचा एक पक्षिवेडा ध्वनिमुद्रक होता. रानावनात जाऊन पक्ष्यांचे आवाज टेपवर धरायचे हा त्याचा उद्योग. पण पक्षी गाऊ लागला की नेमके जवळपासचे कुत्रे भुंके. वाइसमन ती भुंकणी टेपमधून कापून काढी. आणि चिकट माणूस असल्यामुळे ते कापलेले तुकडे फेकून न देता जपून ठेवी. पुढे त्याच्या ध्यानात आले, की प्रत्येक भुंकण्याला स्वतःचा एक सूर आहे. ते तुकडे सुरांच्या क्रमाने जोडले तर गाणे होते. १९५५ साली आरसीए कंपनीने काढलेल्या तबकडीवर हे कुत्रे ‘जिंगल बेल्स’ गाताना ऐकू येतात. गाण्यात शब्द एकही नाही. तरी ऐकणाऱ्याला पहिल्या चार भुंकण्यांत गाणे ओळखू येते, आणि हसू फुटते ते त्या ओळखण्याचे.

पाळीव प्राण्यांनी केलेल्या विडंबनगीतांची एक मोठी परंपराच पाश्चात्त्य जगात या तबकडीनंतर उभी राहिली. १९८३मध्ये ऑस्ट्रेलियात ‘बीटल बार्कर्स’ नावाची तबकडी निघाली. बीटल्सची गाणी, मागे वाद्यवृंद व्यवस्थित, आणि गायकांच्या जागी कुत्र्यांचे भुंकणे. १९९३मध्ये अमेरिकेत ‘जिंगल कॅट्स’ आले. तिथे मांजरे नाताळची गाणी म्हणतात. न्यूयॉर्कच्या ‘कॅनायनस’ या बँडचे मुख्य गायक दोन पिटबुल कुत्रे होते, तर बाल्टिमोरच्या ‘हेटबीक’चा गायक करड्या रंगाचा आफ्रिकी पोपट. अतिकर्कश मेटल संगीतात माणूस जे ओरडतो ते तरी कुठे कळते, मग पोपट काय वाईट, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही. याशिवाय शर्टांवरची, पेल्यांवरची चित्रे वेगळीच. बीटल्सचे ‘बीगल्स’ होतात, आणि ‘ॲबी रोड’ या १९६९च्या तबकडीच्या वेष्टणावर चौघे जण रस्ता ओलांडतात त्या पट्ट्यांवरून चार मांजरे शेपट्या वर करून चालताना दिसतात.

हे सगळे पोरकट आहे असे म्हणून सोडून देता येते. मीही बरीच वर्षे तसेच सोडले होते. पण ‘मिआव द ज्युएल्स’ची हकिगत कळली आणि विषय मनात घर करून बसला. ‘रन द ज्युएल्स’ या अमेरिकी रॅप जोडीने २०१४मध्ये थट्टेत जाहीर केले, की कोणी चाळीस हजार डॉलर दिले तर आपली अख्खी तबकडी मांजरांच्या आवाजात पुन्हा करून देऊ. चाहत्यांनी वर्गणी काढली, साठ हजारांच्या वर डॉलर जमले. आता थट्टा अंगाशी आली. त्यांनी २०१५मध्ये ती तबकडी खरोखर केली; आणि त्यातून येणारा पैसा पोलिसांच्या हातून जीव गेलेल्या मायकेल ब्राउन आणि एरिक गार्नर या दोघा कृष्णवर्णीयांच्या कुटुंबांना देण्याचे जाहीर केले. मांजराच्या गुरगुरण्याला असे वजन येऊ शकते.

आता याचे मर्म पाहू. विडंबनाला दोन गोष्टी लागतात: ओळखू येणारे मूळ, आणि त्यात घुसवलेली एक विजोड वस्तू. रॉक बँडच्या बाबतीत मूळ म्हणजे मुख्यतः नाद. ठेका, गिटारचा एखादा तुकडा, गायकाच्या आवाजाची धाटणी. शब्द काढून घेतले तरी हे मूळ शिल्लक राहते. आणि आवाज आहे पण शब्द नाहीत असे घरातले कोण, तर कुत्रे आणि मांजर. म्हणून तिथे पाळीव प्राणी उपयोगी पडतात. दुसरे असे, की प्राणी मुळातच तिथे हजर होते. बडी हॉलीच्या बँडचे नाव ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे. त्यावरून लिव्हरपूलच्या पोरांना किड्याचेच नाव सुचले, आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून त्यांनी त्यात ठेक्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो दडवला. म्हणजे ‘बीटल्स’ हे नावच आधीच्या एका नावावरची कोटी आहे. ‘बीगल्स’ म्हणणारा त्या कोटीवर आणखी एक कोटी करतो एवढेच. ‘बीच बॉइज’च्या १९६६च्या गाजलेल्या तबकडीचे नाव ‘पेट साउंड्स’, आणि तिच्या शेवटी ब्रायन विल्सनचे कुत्रे खरेच भुंकतात. (‘द हू’ या बँडची १९६९ची तबकडी ‘टॉमी’. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक टॉमी असतोच. त्यांपैकी एकालाही हे ठाऊक नाही.)

आणि मांजराचे म्हणाल तर ते रॉक संगीतात एका महाराष्ट्रात शिकलेल्या माणसानेच बसवले. फारुख बलसारा हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच त्याने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखले. हा माणूस मांजरवेडा. १९८५ची आपली स्वतंत्र तबकडी त्याने जेरी नावाच्या मांजराला अर्पण केली. ‘क्वीन’च्या १९९१च्या ‘इन्युएंडो’ या तबकडीत ‘डिलायला’ नावाचे गाणे आहे. नाव बायबलातल्या मोहिनीचे, पण गाणे आहे घरातल्या मांजरीवर, आणि त्यात ब्रायन मेची गिटार चक्क म्याव करते. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रेडी गेला. आजारी माणसाने शेवटच्या दिवसांत मांजरीसाठी केलेले हे प्रेमगीत ऐकताना, प्रेमगीताचे विडंबन कुठे संपते आणि प्रेमगीत कुठे सुरू होते ते मला सांगता येत नाही.

आपल्याकडे प्राण्यांना गाण्यात जागा फार जुनी, पण ती सन्मानाची. नारदीय शिक्षेत सात स्वर सात प्राण्यांकडे वाटून दिले आहेत. षड्ज मोराचा, ऋषभ गाईबैलांचा, गांधार शेळीचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत घोड्याचा, निषाद हत्तीचा. कुत्रा आणि मांजर या दोघांना सप्तकात जागा नाही. रात्री दोन वाजता कौलांवर जे चालते ते ऐकून शास्त्रकारांनी हा निर्णय घेतला असावा. थट्टेचे काम मात्र गाढवाकडे. पंचतंत्रातला उद्धत नावाचा गाढव रात्री काकडीच्या मळ्यात शिरतो आणि पोट भरल्यावर त्याला गाण्याची लहर येते. बरोबरचा कोल्हा नको नको म्हणतो, तर हा त्याला सात स्वर, तीन ग्राम, एकवीस मूर्च्छना आणि एकोणपन्नास ताना असे सारे संगीतशास्त्र घडाघडा म्हणून दाखवतो. मग गातो, राखणदार जागे होतात, आणि गळ्यात उखळ बांधून घेऊन परततो. शास्त्र बिनचूक, गवई गाढव. ऐकणाऱ्याला संगीतशास्त्राची भाषा परिचित होती म्हणूनच ही गोष्ट रचणाऱ्याला सुचली.

मराठीत मग या जातीचे काय आहे? रॉक बँडचे विडंबन मराठीत रुजले नाही, कारण ते मूळ आपल्याला पाठ नाही. मुंबईच्या रंगभवनात रॉकचे जलसे झाले, त्यांचे वेडे चाहते होते आणि आहेत. पण गणपतीच्या आरतीनंतर एखाद्याने ते सूर काढले तर अर्धी ओटी सामील होईल असे नाही. आपल्याला पाठ असायची ती कविता. आणि कवितेचा एक खरोखरीचा बँड पुण्यात होऊन गेला: रविकिरण मंडळ. स्थापना १९२३ची. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर अशी माणसे. रविवारी चहाला जमत, म्हणून आधीचे नाव ‘सन-टी क्लब’. यशवंत आणि गिरीश सभांतून कविता गाऊन म्हणत, लोक त्या चाली घरी घेऊन जात, शाळा-कॉलेजातली मुले त्यांच्यासारखे प्रेम करू पाहत आणि त्यांच्यासारखे लिहीत. लोकप्रिय बँडची सगळी लक्षणे इथे आहेत; केस वाढवणे तेवढे राहिले.

असा बँड झाला की त्याची नक्कल करणारा जन्माला येतोच. इथे तो प्रल्हाद केशव अत्रे या नावाने आला. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ निघाले आणि मराठीत विडंबन हा स्वतंत्र काव्यप्रकार म्हणून प्रतिष्ठित झाला. पुस्तकावर नाव होते केशवकुमार.

या नावाशी मी अंमळ थांबतो, कारण ते मालगुंडहून निघते. गणपतीपुळ्याच्या शेजारच्या आमच्या या गावात कृष्णाजी केशव दामले १८६६मध्ये जन्मले. वडिलांचे नाव केशव, म्हणून कवितेखाली सही ‘केशवसुत’. त्यांच्यामागून आलेले राम गणेश गडकरी स्वतःला केशवसुतांचे चेले म्हणवत. त्यांनी सही घेतली ‘गोविंदाग्रज’. गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे, आणि योगायोग असा, की त्यांच्याही वडिलांचे नाव केशव. ‘सुत’ आणि ‘कुमार’ या दोहोंचा अर्थ एकच. म्हणजे ‘केशवकुमार’ ही सही कागदोपत्री पूर्ण खरी आहे, वंदनही आहे, आणि मूळ नावाशेजारी ठेवताच हसूही आणते. ‘क्रिकेट्स’वरून ‘बीटल्स’ झाले आणि ‘बीटल्स’वरून ‘बीगल्स’. केशवसुतांवरून केशवकुमार तसेच झाले. फरक इतका, की पुण्याचे काम तीन-चार दशके आधीचे आहे आणि व्याकरणदृष्ट्या अधिक चोख आहे.

आत काय आहे? तिथेही प्राणी आहेतच, पण गाणारे नव्हेत. केशवसुतांनी मराठी कवितेला एक नवी सवय लावली होती: कुठल्याही वस्तूला समोर उभे करून थेट तिच्याशी बोलण्याची. ‘पुष्पाप्रत’, ‘पर्जन्याप्रत’ ही शीर्षके पाहा. भृंगावर, घुबडावरही त्यांनी कविता लिहिल्या. पुढे या ‘प्रत’चा सुकाळ झाला, ज्याला त्याला जो तो संबोधू लागला. अत्र्यांनी काय केले, तर चहाच्या पेल्यात पडलेली माशी घेतली आणि शीर्षक दिले ‘कषायपेयपात्रपतित मक्षिकेप्रत’. कविता वाचण्याची गरजच राहत नाही. समास सोडवता सोडवता चहा निवतो आणि माशी मरते. ‘श्यामले’ या कवितेत माधव जूलियनांची फारसी-मराठी सरमिसळ आणि प्रेयसीला आळवण्याची तऱ्हा उचलली आहे. तिथे प्रेयसीच्या वर्णनात चिचुंद्री येते. एरवी मराठी प्रेयसी हरिणी असते, हंसी असते, मैना असते. माळ्यावरची चिचुंद्री आणल्याबरोबर आधीचे अख्खे प्राणिसंग्रहालय डोळ्यांसमोर येते आणि कोसळते.

आणि ‘आम्ही कोण?’. केशवसुतांची ही कविता १९०१ची. कवीच्या सामर्थ्याचा मराठीतला सर्वांत ताठ उद्गार. अत्र्यांनी तेच शीर्षक, तेच वृत्त, तोच आवेश ठेवला, आणि बोलायला उभा केला मासिकात छायाचित्र छापून आल्याचा तोरा मिरवणारा कवडा. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे वाघाचे खेळणे. वाघाच्या चालीने मांजर चालू लागले की जे होते ते इथे होते.

ही मी केलेली कोटी नव्हे. आपल्या छंदःशास्त्रातच हे जनावरांचे वाडे आहेत. शार्दूलविक्रीडित, हरिणी, मत्तमयूर. ‘मनाचे श्लोक’ ज्यात आहेत ते भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. (त्या श्लोकांनाही अत्र्यांनी सोडले नाही.) सगळी नावे रानातली, ऐटदार. कुत्र्या-मांजरांना सप्तकात जागा नव्हती, वृत्तांतही नाही. या सर्व वृत्तांचा मराठीतला सर्वांत मोठा जाणकार कोण, तर ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहिणारे माधव जूलियन. ज्यांची सर्वाधिक थट्टा झाली त्यांनीच त्या थट्टेचे यंत्र कसे चालते ते खोलून दाखवले आहे.

तर दोन परंपरांमधला फरक असा दिसतो. तिकडे कानात राहतो तो नाद, म्हणून ते शब्द काढून तिथे भुंकणे घालतात. इकडे कानात राहते ते वृत्त, आणि वृत्त चालते अक्षरांवर. शब्द काढले तर काहीच उरत नाही. म्हणून आपण शब्दांचा सांगाडा ठेवतो आणि आतला विषय बदलतो. आपली गायकी शब्दप्रधान, तसे आपले विडंबनही शब्दप्रधान. विडंबनाचा प्राणी तिकडे गायक असतो. इकडे तो कवितेचा विषय असतो, बिचारा मुकाट्याने पेल्यात पोहत असतो.

यातून एक अडचण निघते, आणि ती गमतीची नाही. नादाचे मूळ रेडिओ, टेप, मोबाइल यांतून आपोआप पसरते. वृत्ताचे मूळ पसरायला मोठ्याने पाठ म्हणणारी माणसे लागतात. ती कमी झाली की मूळ कविता पुस्तकात सुखरूप राहते, पण विडंबन मरते, कारण त्याचे निम्मे अंग वाचकाच्या स्मरणात असते. ‘प्रेमाचा गुलकंद’ अजून हसवतो, कारण तो गोष्ट म्हणून स्वतःच्या पायांवर उभा आहे. माशीवरची कविता आता टीप देऊन शिकवावी लागते, आणि टीप वाचून कोणी हसत नाही. उलटेही घडते. माधव जूलियनांची गझल न वाचलेले, पण ‘श्यामले’ ऐकून त्यांची लकब ओळखणारे कितीतरी लोक मला भेटले आहेत. मूळ देऊळ गेले आणि त्याची नक्कल करणारा देखावा तेवढा राहिला, असे.

मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४मध्ये केशवसुतांचे स्मारक उभारले. कवितेच्या नावाने गावात इतकी चांगली वास्तू असणे ही महाराष्ट्रात सोपी गोष्ट नाही. गणपतीपुळ्याला आलेल्या सहली इकडे वळतात. मी उभा राहून ऐकत असतो. पन्नाशीपुढची माणसे कविता वाचताना नकळत चालीवर येतात. मान हलू लागते, कुठे थांबायचे ते शरीराला ठाऊक असते. मुले तीच कविता बातमीसारखी वाचतात. शब्द अडतात म्हणून नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाचे वजन जिभेवर बसलेलेच नाही म्हणून. आणि ‘तुतारी’ म्हटले की हल्ली आधी निवडणूक चिन्ह आठवते, कविता मागून येते.

म्हणून मी एक खेळ करतो. भुजंगप्रयातात एक लघु आणि दोन गुरू अशा तीन अक्षरांचा गट चार वेळा येतो. त्यात मी आमच्या बोक्यावर दोन ओळी जुळवल्या आहेत:

निजे पायरीशी दुपारी सुखाने
दुधाचा सुगावा मिळाल्यास जागा

काव्य म्हणून यात काही नाही. पण ही ओळ कुण्या आजीला म्हणून दाखवली की ती पहिल्या पाच अक्षरांतच हसते. बोक्याला नव्हे, समर्थांच्या चालीवर चाललेल्या बोक्याला. नातवंडे दुसऱ्या ओळीला हसतात, दुधाला. दोघे हसतात म्हणून आपल्याला वाटते विनोद पोचला. तो अर्धाच पोचलेला असतो.

गेल्या मे महिन्यात ओळखीच्यांकडे सुट्टीला आलेल्या, आठवी-नववीतल्या चार-पाच मुलांवर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांतल्या एका मुलीने बाकावर ठेका धरला: दोनदा धम्, एक टाळी, आणि क्षणभर थांबणे. ‘क्वीन’च्या १९७७च्या ‘वी विल रॉक यू’चा ठेका, क्रिकेटच्या मैदानावर वाजतो म्हणून यांना ठाऊक. “काका, बोका याच्यात बसत नाही,” ती म्हणाली. बरोबर होते. भुजंगप्रयातात आधी एक आखूड, मग दोन लांब. तिच्या ठेक्यात दोन आखूड, मग एक लांब: लघु, लघु, गुरू. हा ‘स’ गण. चार ‘स’ गण म्हणजे तोटक वृत्त; पाचगणीत शिकलेल्या माणसाच्या बँडने ते विलायतेत पायांनी वाजवले, एवढेच. मी तिला गण समजावून सांगितला आणि म्हटले, आता तूच बसव. मांजर बदलावे लागले, कारण बोक्याचे ‘बो’ पहिल्याच अक्षराला जड पडते. त्याच्या जागी मनी आली. अर्ध्या तासात, थोडी माझी मदत घेऊन, एवढे झाले:

अमुच्या मनिला सगळे कळते
दुध तापतसे, तर ती उठते

‘अमुच्या’ का, ‘आमच्या’ का नाही, असे एका मुलाने विचारले. ‘आ’ लांब आहे, धम्च्या जागी टाळी होईल, असे तिनेच त्याला सांगितले. मग सगळे बाक बडवत ते म्हणू लागले, आणि पडवीत झोपलेली खरी मनी उठून मागीलदारी निघून गेली.